फाटक, चार फूट आत

लॅम रोडवर लाल रंगाची रेघ आली,
ती कंपाउंडच्या आतून गेली. चार फूट.
रेघ मारणारा पोरगा कॅन्टोन्मेंटचा,
त्याच्या चपलेलाही तोच रंग;
तो जाईल तिथे थोडं थोडं रुंदीकरण होत गेलं.

मला बोलावलं फाटक उतरवायला.
माझं दुकान भगूरच्या रस्त्याला: ग्रिल, शटर,
जिन्याचे कठडे फुटाच्या भावानं.
आयुष्यभर सरळ पट्टी कापली, चौकोनी नळी जोडली.
फुलं कधी केली नाहीत.
फुलांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

हे फाटक बिडाचं.
वर भाले, भाल्यांखाली वेल,
प्रत्येक टोकाला एक फूल, ज्याचं नाव मला ठाऊक नाही
आणि जे देवळालीत कुणाच्या अंगणात उगवलेलं पाहिलं नाही.
बोटीतून आलं असेल पेंढ्यात गुंडाळून,
मग रेल्वेनं, मग बैलगाडीनं,
इथल्या हवेत बरं व्हायला आलेल्या
कुणा खोकणाऱ्या साहेबाच्या मागोमाग.

भिंत मात्र इथलीच.
दारणेकडचा काळा दगड, चुन्याच्या दर्जा,
माथ्याला घडीव गोलाई, टेकायला गार.
कुणी टेकू नये म्हणून मागाहून काचा रोवलेल्या,
सोड्याच्या बाटल्यांच्या.
संध्याकाळी त्यांतून ऊन रस्त्यावर हिरवं सांडायचं.

नाजामाय कांगा खुर्ची टाकून बसल्या,
मे महिन्यात स्वेटर घालून.
"कापू नको," म्हणाल्या. "खोल."
मी म्हटलं, बाई, बिजागऱ्या रंगानं बुजल्यात.
"मग रंग काढ."

रॉकेल, खरवडणी, पॉलिशपेपर.
आधी निघाला चंदेरी. त्याखाली पोपटी.
त्याखाली लढाईच्या दिवसांतला खाकी,
त्याखाली काळा,
आणि अगदी तळाशी निळा, इतका निळा
की मी रज्जाकला हाक मारली,
पण तो चहा आणायला गेला होता.

डावीकडून सातवा भाला.
तो बिडाचा नाही. बोटांना आधी कळलं.
बाकीचे ओतलेले, एका साच्यातले;
हा ऐरणीवरचा,
दोनदा फसून तिसऱ्यांदा जमलेला.
बीड वाकत नाही, तुटतं, आणि सांधाही धरत नाही.
एक मोडला असणार कधीतरी.
साहेब म्हणाला असेल, अस्साच करून आण.
आणि कुठल्याशा लोहारानं
ते बिननावाचं फूल दिवसभर निरखून
जे जन्मभर पाहिलं होतं तेच केलं:
बियाण्याला सोडलेल्या कांद्याचा डेंगळा.
शंभरेक वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही.
किंवा आलं, आणि त्यांनी वरून रंग दिला.

भिंत जेसीबीनं सकाळी अर्ध्या तासात घेतली.
चुना शेवटपर्यंत दगड सोडत नव्हता,
ड्रायव्हर शिव्या देत होता.
नवी भिंत बाईंना परवडण्यातली नाही.
मी फाटक चार फूट आत उभं केलं,
दोन खांब, नवं सिमेंट,
आणि दोन्ही बाजूंना काहीच नाही.
एका अंगाला मोगऱ्याचं आळं, तेवढंच.

शेळ्या बाजूनं जातात.
पेपरवाला बाजूनं जातो, सायकलवरून न उतरता.
सुपडू माळी मात्र रोज कडी काढतो, आत येतो,
वळून कडी लावतो.
वीजबिलवाला कडी वाजवून थांबतो.

परवा मी राहिलेले सातशे मागायला गेलो.
समोर सगळं मोकळं होतं,
तरी फाटकाशी उभा राहिलो,
हाक दिली,
तोवर सातव्या भाल्याला बोट लावून पाहिलं.
आतून बाई म्हणाल्या,
"येताना कडी लाव रे, कुत्रं शिरतं."

लावली.